कांद्याच्या पेठेतला कुलस्वामी

लोणंदात राहून चार-पाच महिने कांदा खायचा नाही, हे परगावच्या माणसाला सांगितलं की तो आधी हसतो. आमचं गाव ओळखलं जातं तेच कांद्यावरून. दिवाळीच्या पुढं-मागं हळव्याच्या गाड्या बाजार समितीच्या आवारात लागायच्या, उन्हाळ्याच्या तोंडाला गरवा यायचा, आणि वारा सुटला की टरफलं पार स्टेशनापर्यंत उडत जायची. अण्णांची, म्हणजे आमच्या आजोबांची, अडत होती. खाली पुढच्या अंगाला पेढी, मागं वखार, आणि वर आम्ही सगळे: चार भाऊ, चार जावा, सुट्टीला येणाऱ्या आत्या आणि मोजायच्या भानगडीत कुणी पडत नसे इतकी पोरं.

आषाढ शुद्ध नवमी म्हणजे कांदेनवमी. त्या दिवशी घरात सकाळपासून तळण. कांद्याची भजी, कांद्याची थालीपिठं, कांद्याचं पिठलं. रात्री चूल सारवून झाली की स्वयंपाकघरातून कांदा, लसूण आणि वांगं बाहेर. इतरांचा चातुर्मास कार्तिकी एकादशीनंतर सुटायचा, शेजारच्या घरांतून फोडणीचा वास यायला लागायचा, आणि आम्ही मात्र अजून थांबलेले. आमचा मालक जेजुरीचा खंडोबा. नव्या पातीचा आणि नव्या वांग्याचा पहिला घास त्याचा, आणि तो त्याला मिळणार मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला.

म्हणजे हळव्याची आवक ऐन भरात, वखारीत आढ्यापर्यंत बारदान, नोटांना आणि पट्टीच्या कागदांना कांद्याचा वास, अण्णांच्या धोतराला तर कायमचाच. आणि ताटात दुधी नाहीतर हिंग-जिऱ्याची मुगाची आमटी. दुपारी हमाल आणि मापाडी वखारीच्या दारात फडकी सोडून बसायचे. भाकरी, लाल तिखट आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. तो फुटण्याचा आवाज आम्हां सगळ्या भावंडांच्या कानात अजून आहे, यावर आमचं एकमत आहे. पुढच्या गोष्टीवर नाही. आमच्यातल्या एकानं हमालाच्या फडक्यातला पापुद्रा उचलून तोंडात टाकला आणि जिजीनं, म्हणजे आजीनं, त्याचं तोंड हुंगून ते ओळखलं. ती रागावली नाही. "मला काय सांगतोस? त्याचं तो बघून घेईल," एवढंच म्हणाली. 'तो' म्हणजे कोण, हे विचारायची गरज नव्हती. त्यानंतर तो पोरगा चंपाषष्ठीपर्यंत देव्हाऱ्यापासून चार हात लांबून जायचा. आज सत्तरी ओलांडलेला दादा शपथेवर सांगतो की तो मी नव्हेच, तो धाकटा. धाकटा म्हणतो, मी तेव्हा पाळण्यात होतो.

हे असं का, याची उत्तरं घरात प्रत्येकाजवळ वेगळी. शाळामास्तर असलेले आत्याचे यजमान म्हणायचे की पावसाळ्यात कांदा-वांगं वातूळ, पोटाला बरं नाही. आम्हांला ते कधी पटलं नाही. वातूळ असेल तर हमालांची पोटं कशी बरी राहायची? अण्णांचं म्हणणं पेढीवरचं होतं. शेतकरी माल आणतो तेव्हा आधी नमुना दाखवतो, मग वक्कल पुकारलं जातं. देवाला नमुना दाखवल्याशिवाय नवा माल घरात उघडायचा नाही. एवढं सरळ.

हा देव घरात राहायचा तो दोन बोटं रुंदीच्या चांदीच्या टाकात. पत्र्यावर ठोकून उठवलेलं चित्र: घोड्यावर खंडोबा, त्याच्या मागं म्हाळसा, हातात खड्ग, घोड्याच्या पायाशी दैत्य, आणि बाजूला कुत्रा. रविवार हा खंडोबाचा वार. दर रविवारी जिजी टाक चिंचेच्या कोळानं घासायची. तिच्याआधी तिच्या सासूनं घासलेला, त्याआधी सासूच्या सासूनं. त्यामुळं देवाचं नाक-तोंड केव्हाच सपाट झालेलं. म्हाळसेचा फक्त अंबाडा उरलेला. कुत्रा शेपटीवरून ओळखायचा. घोड्याचा एक पाय पुसला गेल्यानं तो तिनावर उभा, आणि तो मुळातच उधळलेला दाखवलाय की पाय झिजलाय, यावर आमची दुपारच्या दुपार भांडणं व्हायची. दैत्याचं डोकं मात्र लख्ख शाबूत होतं. ते खाली कोपऱ्यात असल्यामुळं जिजीचा अंगठा तिथवर पोचत नसावा.

दैत्य दोन, मणी आणि मल्ल. मल्हारी माहात्म्यात त्यांची कथा येते. ब्रह्मदेवाच्या वरानं माजलेल्या या भावांनी मणिचूल पर्वतावरच्या ऋषींना छळलं, ऋषी इंद्राकडं गेले, विष्णूकडं गेले, शेवटी शंकराकडं. शंकर मार्तंडभैरवाचं रूप घेऊन, हळदीनं माखलेला, सोन्यासारखा झळझळीत असा उतरला. सहा दिवस लढाई. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून षष्ठीपर्यंत घरोघर घट बसतात ते या सहा दिवसांचे. मणी मरताना शरण आला, देवाजवळच जागा मिळावी म्हणाला. ती मिळाली, जेजुरीच्या वाटेवर त्याची पूजा होते आणि बकऱ्याचा मान त्याचा. मल्लानं शेवटी एवढंच मागितलं की तुझ्या नावाआधी माझं नाव लागावं. म्हणून मल्हारी. त्याचं शिर पायरीशी आहे, येणारा-जाणारा त्यावर पाय देऊन वर जातो. दैत्याचं नाव घेतल्याशिवाय देवाचा जयजयकार पुरा होत नाही, ही गंमत आम्हांला लहानपणी फार आवडायची. दादाला शाळेत मारणाऱ्या पोराचं नाव आम्ही मल्लच ठेवलेलं.

जेजुरीला जायचं ते रेल्वेनं. पुणे-मिरज लाइन तेव्हा मीटरगेजची होती. सत्तरच्या सुमारास ती रुंद झाली, तरी थोरले बापूकाका पुढं कितीतरी वर्षं नव्या गाडीला 'मोठी गाडी' म्हणायचे. लोणंदहून निघालं की नीरा, मग वाल्हा, मग दौंडज, की जेजुरी. नीरेच्या पुलावर गाडी आली की बायका खिडकीतून नाणं टाकायच्या आणि पुरुष म्हणायचे, सुटला सातारा जिल्हा. टाक लाल फडक्यात बांधून जिजीच्या कमरेला खोचलेला असायचा. गडावर नेऊन त्याला मूळ देवाची भेट घडवायची, यासाठी ही सगळी यात्रा. आम्ही जत्रेसाठी जातोय असं आम्हांला वाटे. जिजीच्या लेखी आम्ही तिच्या टाकाबरोबर आलेलो सामान होतो.

जेजुरीत देवळं दोन. जुनं कडेपठारावर, उंच डोंगरात. दुसरं अलीकडच्या टेकडीवर, त्याला गडकोट म्हणतात. एक भक्त म्हातारा झाला, त्याला कडेपठार चढवेना, म्हणून देवच खालच्या टेकडीवर उतरला, अशी आख्यायिका. जिजीचे गुडघे पन्नाशीतच गेले होते. ही कथा सांगताना ती नेहमी पायरीवर बसलेली असायची आणि सांगून झाली तरी बराच वेळ उठायची नाही. "अजून थोडा खाली आला असता तर काय बिघडलं असतं?" असं एकदा ती वाटेतल्या हेगडी प्रधानाच्या देवळाशी बसून म्हणाली, ते थोरल्या ताईला नक्की आठवतं.

गडाच्या पायऱ्या लोक म्हणतात नऊ लाख. आम्ही मोजायला लागायचो आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा यायचा, पण चारशेच्या अलीकडं-पलीकडंच. दोन्ही अंगांना दगडी दीपमाळा, वाटेत कमानी. वर तटबंदी आणि ओवऱ्या. या बांधकामात होळकरांचा हात मोठा. नीरेकाठच्या होळ गावावरून त्यांचं आडनाव पडलं, आणि मल्हाररावांचं नावच मल्हारीचं. अण्णा दर वेळी एखाद्या दीपमाळेवर हात ठेवून सांगत, "आपल्या नीरेकाठचा माणूस. इंदूरचा धनी झाला, पण बांधलं इथं." ज्या माणसाच्या पेढीवर उधारीची वही कधी बंद झाली नाही, त्याला हे विशेष वाटणं साहजिक होतं.

नवीन लग्न झालेल्या जोडप्यानं यायचं आणि नवऱ्यानं बायकोला उचलून निदान पाच पायऱ्या चढायच्या, हा तिथला रिवाज. आमच्या चारही काकांनी तो पाळला. बापूकाका किरकोळ अंगाचे आणि थोरली काकी धिप्पाड. त्या पाच पायऱ्यांची हकिगत घरात निदान पाच प्रकारे सांगितली जाते. काकांच्या मते त्यांनी सहा चढल्या. काकीच्या मते तिसऱ्या पायरीला तिनंच खाली पाय टेकून त्यांना आधार दिला, आणि संसार तिथूनच सुरू झाला.

वर चौकात पितळी पत्र्यानं मढवलेलं भलं मोठं कासव. त्यावर तळी भरतात. भंडारा इतका उधळलेला की पितळ कुठलं आणि हळद कुठली कळू नये. दुपारच्या उन्हात तिथं उभं राहिलं की सोन्याची जेजुरी का म्हणतात ते सांगावं लागत नाही. मार्तंड म्हणजे सूर्य, हळद म्हणजे त्याचं ऊन, हे पुढं पुस्तकांतून वाचलं. तेव्हा एवढंच ठाऊक होतं की भंडारा नाकात गेला की शिंका थांबत नाहीत. आत गाभाऱ्यात दोन लिंगं, खंडोबा आणि म्हाळसा यांची. जिजी कमरेचं फडकं सोडून टाक पुजाऱ्याच्या हाती द्यायची आणि तो परत हाती येईपर्यंत कुणाशी बोलायची नाही. परत आला की उलटसुलट करून बघायची. बदलला तर नाही ना, ही शंका तिला देवाच्या दारातही सुटली नव्हती.

बाणाईचं देऊळ मात्र वर नाही, पायऱ्यांच्या अर्ध्या वाटेत आहे. आमच्या घरातल्या बायकांच्या दृष्टीनं जेजुरीतली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट ही होती. म्हाळसा नेवाशाच्या वाण्याची लेक. तिचं देवाशी लग्न पालीला लागलं, कऱ्हाडकडच्या, तारळी नदीच्या काठी, आणि पौषात ते तिथं दर वर्षी पुन्हा लागतं. बाणाई धनगराची, चंदनपुरीची. सोगट्यांच्या डावात देव म्हाळसेकडून हरला, पणाप्रमाणं बारा वर्षं घराबाहेर पडला, बाणाईच्या बापाकडं मेंढरं राखायला राहिला. मेंढरं मारली काय, पुन्हा जिवंत केली काय, आणि शेवटी बाणाईला घोड्यावर घेऊन परत आला. मग दोघींचं भांडण. म्हाळसा गडावर, बाणाई निम्म्यावर.

थोरली काकी कायम म्हाळसेच्या बाजूची. थोरली सून, घर तिनं सांभाळलेलं, तिला दुसरं काय पटणार? धाकटी काकी बाणाईची वकील. "त्याला राबायला ठेवलं तिनं, ओळख ना पाळख. म्हाळसेनं काय केलं? डाव मांडला." मिरच्या खुडताना, बारदानाच्या फाटक्या गोणी शिवताना हा खटला चालायचा. दोघी खरंच एकमेकींवर चिडलेल्या असल्या की देवाच्या बायकांची नावं घेऊन भांडायच्या. त्यामुळं घरात चूल वेगळी मांडायची वेळ यायला बरीच वर्षं लागली, असं आमचं मत आहे. जिजीला विचारलं की ती म्हणायची, दोघींचं बरोबर, चुकतोय तो घोड्यावरचा.

आणि आम्ही माळी. म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची, रंभाई शिंप्याची, फुलाई माळ्याची, चंदाई भागवीण, अशा देवाच्या पाच बायका. म्हणजे खंडोबा आमचा जावई. घोंगडी विकायला येणारा धनगर ओट्यावर टेकला की म्हणायचा, जावई आमचा. समोरचा वाणी दुकानातून ओरडायचा, पहिला मान आमचा. अण्णा पानाला चुना लावत शांतपणे सांगायचे, "मान तुमचा, फुलं आमची. बिनफुलाचा उभा करा बघू." हसायचे सगळे. पण हे निव्वळ हसण्यावारी नव्हतं. ज्या काळात हे तिघं एकमेकांच्या पंगतीला बसत नव्हते, त्या काळात एका देवाच्या नात्यानं ते एकमेकांचे व्याही लागत होते. रा. चिं. ढेऱ्यांचं 'खंडोबा' पुढं वाचलं, कर्नाटकातला मैलार आणि आंध्राकडचा मल्लण्णा हे याचेच भाऊबंद असल्याचं कळलं, तेव्हा वाटलं, अण्णांना सांगायला हवं होतं, सोयरीक आणखी लांबवर आहे. देवाला जावई मानलं की त्याच्यावर रुसता येतं, त्याच्या खोड्या चारचौघांत काढता येतात, आणि तरी तो दारात आला की पाट मांडावाच लागतो. आमच्या घरात देवभोळेपणा कमी आणि देवाशी व्यवहार जास्त होता, तो यामुळंच.

धाकटे काका पुण्याला कॉलेजात होते. अरुण कोलटकरांचं इंग्रजी 'जेजुरी' १९७६ साली आलं, पुढच्या वर्षी त्याला राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला, आणि काका ते पुस्तक घेऊन सुट्टीला आले. अण्णांना त्यांनी अर्धंमुर्धं मराठीत करून सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण चढला का माणूस वरपर्यंत?" चढला, म्हणाले काका. "मग झालं तर," म्हणून अण्णा वहीत परत वाकले.

लग्न झालं की जागरण. पाच ताटांचा मांडव, खाली घट, दिवटी पेटलेली. वाघ्या तुणतुणं आणि डिमडी घेऊन, गळ्यात भंडाऱ्याची वाघाच्या कातड्याची पिशवी; मुरळी हातातली घाटी वाजवत. रात्रभर कथा. पहाटे वाघ्या लोखंडी साखळी ओढून तोडायचा, तिला लंगर म्हणतात, आणि ती तुटेपर्यंत झोपलेली पोरंही खडबडून जागी व्हायची. त्या रात्रींचं सगळं गोडच आठवतं असं लिहिणं सोपं आहे. पण मुरळी म्हणजे नवसापोटी देवाशी लग्न लावून दिलेली पोर, हे आम्हांला कुणी सांगितलं नव्हतं. मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षण कायदा १९३४ सालीच झालेला. तरी साठ-सत्तरच्या दशकांतही आमच्या अंगणात अशी बाई नाचत होती आणि आम्ही तिच्या घाटीवर खूश होतो. जिजी तिला चोळीचा खण द्यायची, आत बोलावून जेवायला बसवायची, आणि विचारायची, "माहेर कुठलं गं?" ती एका गावाचं नाव सांगायची. दर वेळी वेगळं. ताई तेव्हा जिजीशेजारी वाढायला असायची. हे ती आम्हांला फार उशिरा बोलली. जावई-व्याह्यांच्या गमतीजमतीत या मुलीचा बाप कोण, हे कुणी विचारलं नाही, असंही म्हणाली. त्यावर कुणी काही बोललं नाही, आणि बोलण्यासारखं नव्हतंही.

आमच्या गावाला माउलींच्या पालखीचा मुक्काम. पूर्वी तो अडीच दिवसांचा असायचा. जेजुरीत पालखीवर भंडाऱ्याची उधळण होते, मग वाल्हे, मग नीरेच्या दत्त घाटावर पादुकांना स्नान, आणि लोणंद. ज्येष्ठ संपता संपता, कांदेनवमीला अजून आठवडा असताना, आमच्या वखारीत एक दिंडी उतरायची. माळकरी माणसं, कांदा-लसूण न खाणारी, आणि झोपायची गरव्याच्या थप्पीला टेकून. त्यांच्यासाठी आमचं स्वयंपाकघर आठवडाभर आधीच सोवळं व्हायचं. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यांच्या कॉलरांत जेजुरीचा भंडारा अडकलेला असायचा. आडावर धुवायला घेतले आणि साबण लागला की पिवळे डाग एकदम लालभडक. हळदीला साबणाचा क्षार लागला की असं होतं. पण धाकट्यानं ते पाहून मल्लाचं रक्त म्हणून बोंब ठोकली आणि दिंडीतल्या एका म्हातारबाबांनी त्याला मांडीवर घेऊन खडीसाखर दिली. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण बघून आम्ही परत यायचो, तोवर जिजीनं वखार झाडून घेतलेली असायची आणि केरातून निघालेली हळद तुळशीत टाकलेली असायची. विठ्ठलाचे वारकरी खंडोबाची हळद घेऊन येतात, यात तिला काही नवल वाटत नव्हतं.

चंपाषष्ठीचे सहा दिवस घट, नंदादीप आणि रोज एक वाढती माळ. फुलाईचं माहेर असल्यानं माळेत काटकसर नाही. नंदादीप विझू द्यायचा नाही, म्हणून रात्री पाळ्या लागायच्या. ज्याच्या पाळीत विझला तो कोण, याची यादी आजही निघते.

षष्ठीच्या सकाळी खंडोबाची वारी मागायची. कोटंबा हातात घेऊन, अनवाणी, पाच घरी. "वारी खंडोबाची" म्हणायचं आणि पीठ-कोरडा जो पडेल तो घ्यायचा. अण्णा मागायला स्वतः निघायचे. पेढीवर गादीला टेकून वकलं घेणारा माणूस डोक्याची टोपी नीट करून पहिल्यांदा कुठं जायचा? वखारीतल्या हमालाच्या दारात. तिथली बाई पदर घेऊन सुपातलं बाजरीचं पीठ कोटंब्यात घालायची, आणि अण्णा मान खाली घालून ते घ्यायचे. आदल्या दिवशी याच माणसानं तिच्या नवऱ्याला हमालीवरून चार शब्द सुनावलेले असायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुनावणार, हेही तिघांना ठाऊक. वर्षातल्या त्या पाच मिनिटांपायी त्यानं हमाली वाढवली नाही, हे खरं. पण ती पाच मिनिटं त्यानं कधी चुकवलीही नाहीत.

मागून आणलेलं पीठ घरच्या पिठात मिसळायचं आणि त्याचा नैवेद्य. गव्हाचे रोडगे, वांग्याचं भरीत, कांद्याची पात, ज्वारीचा ठोंबरा. वांगी निखाऱ्यावर. साल करपून तडकली की जिजी हातानंच उचलायची, पाण्याचा हात लावून सोलायची, पाट्यावर न घेता मुठीतच ठेचायची. मग कांदा. वखारीतून आदल्या संध्याकाळी निवडून आणलेला, जोड नाही, चिंगळी नाही, नारळाच्या वाटीला भरेल असा एकसारखा. विळीवर पहिला कांदा चिरला की डोळ्यांना पाणी यायचं ते वरच्या मजल्यापर्यंत. चार-पाच महिन्यांनी. आम्ही सगळे जिन्यात रांगेनं बसून ते पाणी यायची वाट बघत असायचो. हे मात्र सगळ्यांना सारखंच आठवतं.

१९७२ च्या दुष्काळात वांगी मिळाली नाहीत, कांदा जेमतेम. ठोंबऱ्याला ज्वारी नव्हती. रेशनवर आलेला अमेरिकेतला तांबडा मिलो होता. जिजीनं तोच शिजवला. देवापुढं ठेवताना म्हणाली, "बारा वर्षं मेंढरामागं काय खाल्लं असशील ते आठव आणि गिळ." पहिला घास नेहमीप्रमाणं कुत्र्याला. त्यानं हुंगून सोडून दिला. अण्णा हसले, जिजी नाही.

नैवेद्यानंतर तळी. ताम्हनात विड्याची पानं, सुपाऱ्या, पैसे, खोबऱ्याच्या वाट्या आणि भंडारा. पाच पुरुष गोल बसणार, ताम्हन तीनदा उचलणार, "सदानंदाचा येळकोट" आणि "येळकोट येळकोट जय मल्हार". मग भंडारा कपाळाला आणि खोबरं पोरांना. बायका दारात.

नव्वदच्या दशकात वाटण्या झाल्या. जमीन, वखार, पेढी यांच्यावर व्हायची ती भांडणं झाली. टाकावर झालं नाही. तो थोरल्याकडं गेला आणि बाकीच्या तिघांनी सोनाराकडून नवे करून घेऊन जेजुरीला भेटवून आणले. नव्या टाकांवर देवाला नाक आहे, म्हाळसेला डोळे आहेत, घोडा चारी पायांवर आहे. आमच्यातली निम्मी भावंडं पुण्याला. चातुर्मासात कांदा कोण पाळतं आणि कोण पाळत नाही, हे एकमेकांना विचारायचं नाही असा अलिखित ठराव आहे. पोरांचे डबे, हॉटेलं, कुठं कुठं बघणार? पण चंपाषष्ठीला बहुतेक जण लोणंदला येतात.

मागं एका वर्षी तळीला पाच पुरुष जमले नाहीत. दादाचं ऑपरेशन झालेलं, दोघांच्या गाड्या घाटात अडकलेल्या. चार जण बसले आणि बापूकाका पाचव्याची वाट बघत घड्याळाकडं पाहू लागले. नव्वदीच्या घरातले, कानानं कमी. भरीत गार होत चाललेलं. शेवटी ताईची लेक पुढं आली, पाटावर बसली आणि तिनं ताम्हनाची कड धरली. बापूकाका खोकले. थोरल्या काकीनं, हो, म्हाळसेच्या बाजूच्याच, दारातून आवाज दिला, "अहो, उचला की! सहा पायऱ्या चढला होतात ना?" त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे, पण येळकोटातला पहिला आवाज त्यांचाच होता. ताम्हन जरा तिरकं उचललं गेलं आणि सुपाऱ्या सगळ्या धाकट्याच्या अंगावर. त्या वेचून होईपर्यंत आतून कुणीतरी विचारलं की भरतात मीठ घातलंय का, आणि तिघी-चौघींनी एकदमच घातल्याचं सांगितलं.